गच्चीचं कुलूप

मंडळी, 'ज्येष्ठांची काळजी' हे शब्द ऐकले की मला अजून राग येतो. मे २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पासष्टीपुढच्यांनी घरातच राहावं, असा सरकारी आदेश होता. मान्य. पण इथे पुण्यात आमच्या सोसायटीने गच्चीलाही कुलूप घातलं! का, तर आम्ही पडू म्हणे. सकाळी रणरणतं ऊन, दुपारी ढग, संध्याकाळी वळवाची सर. सगळं खिडकीच्या गजांतून बघायचं. हॉलमध्ये येरझाऱ्या घालून गुडघे आखडले. ३ जूनपासून राज्यात फिरायला मोकळीक मिळाली (ज्येष्ठांनी घरीच राहावं हे होतंच!) आणि नेमकं त्याच दिवशी 'निसर्ग' वादळ आलं. त्याने निदान वय विचारलं नाही, सगळ्यांनाच आत बसवलं. वर्गात मी कडक होते, पण पोरांची मधली सुट्टी कधी बंद केली नाही हो.