शक्तीची बाटली आणि क्रेब्जचे चक्र

‘डॉक्टरसाहेब, फार अशक्तपणा आला आहे, एक सलाईन लावून द्या,’ ही विनंती ऐकली नाही असा वैद्यक-व्यावसायिक आपल्या सभासदांत शोधून सापडणार नाही. काचीगुड्यातला जुना दवाखाना असो वा नव्या वसाहतीतले चकचकीत पॉलिक्लिनिक, रुग्णाच्या लेखी ती उलटी टांगलेली बाटली म्हणजे साक्षात शक्ती. खेदाची गोष्ट अशी की, ही समजूत दूर करण्याची तसदी आपण क्वचितच घेतो. बाटली लावतो आणि मोकळे होतो. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर असते २५ ग्रॅम. तिच्या कॅलरी शंभराच्या आतच, म्हणजे घरच्या एका पोळीइतक्या. प्रश्न एवढाच असता तर स्मरणिकेची पाने अडविण्याचे कारण नव्हते. परंतु ‘साखर रक्तात गेली म्हणजे शक्ती आली’ हे समीकरणच मुळात अपुरे आहे, आणि काही रुग्णांच्या बाबतीत ते घातक ठरते. ते का, याचे उत्तर आपण सर्वांनी पहिल्या वर्षी घोकलेल्या आणि परीक्षा होताच विसरलेल्या एका वर्तुळाकार आकृतीत आहे. सायट्रिक आम्लचक्र, अर्थात क्रेब्जचे चक्र, ही परीक्षेची नव्हे तर रुग्णाच्या खाटेशेजारची वस्तू आहे, असे माझे ठाम मत आहे.

डॉक्टर नसलेले वाचकही ही स्मरणिका आस्थेने वाचतात, म्हणून प्रथम थोडे विवेचन. साखरेचा एक रेणू पेशीत शिरला की त्याचे दोन तुकडे होतात. त्यांना पायरुव्हेट म्हणतात. या पहिल्या टप्प्यात हाती लागतात निव्वळ दोन एटीपी. एटीपी म्हणजे पेशीचे चलनी नाणे. स्नायूचे आकुंचन, मज्जातंतूचा संदेश, मूत्रपिंडाचे गाळणे, सगळा व्यवहार याच नाण्यात चालतो. शरीरात कोणत्याही क्षणी त्याचा साठा फार थोडा असतो. तीच नाणी पुनःपुन्हा पाडून आपण दिवसाकाठी जवळजवळ स्वतःच्या वजनाइतके एटीपी फिरवतो. इतकी नाणी त्या पहिल्या टप्प्यातून पडणे शक्यच नाही. त्यासाठी पायरुव्हेटला मायटोकॉन्ड्रियात जावे लागते. तेथील दारावर त्याचा एक कार्बन कर्बवायूच्या रूपाने निघून जातो आणि दोन कार्बनांचा असेटिल गट उरतो. हा गट चार कार्बनांच्या ऑक्झॅलोअसेटेटला जोडला गेला की सहा कार्बनांचे सायट्रेट तयार होते. लिंबातले आम्ल ते हेच. पुढे आठ पायऱ्यांच्या फेरीत दोन कार्बन कर्बवायू होऊन बाहेर पडतात आणि मूळचे ऑक्झॅलोअसेटेट पुन्हा हाती येते. आपण या क्षणी जो उच्छ्वास टाकत आहोत, त्यातील कर्बवायू मुख्यतः याच दारावरचा आणि याच फेरीतला.

आता गंमत पाहा. एवढा खटाटोप करून चक्राच्या एका फेरीत प्रत्यक्ष पडते ते अवघे एक नाणे, जीटीपी अथवा एटीपी. मग ‘चक्र ऊर्जा निर्माण करते’ असे आपण कोणत्या तोंडाने म्हणतो? आपल्यातील ज्येष्ठांनी मराठवाड्यात नाही तरी कोकणात विहिरीवरचे रहाटगाडगे पाहिले असेल. रहाट पाणी निर्माण करीत नाही. तो भरलेली मडकी वर आणतो, ती पन्हळीत रिती होतात आणि रिकामी पुन्हा खाली जातात. क्रेब्जचे चक्र हा असा रहाट आहे. त्याची मडकी म्हणजे एनएडी आणि एफएडी हे दोन वाहक, आणि त्यांत भरलेले पाणी म्हणजे अन्नातून काढून घेतलेले इलेक्ट्रॉन. एका फेरीत तीन मडकी एनएडीची भरतात आणि एक एफएडीचे. ती रिती होतात श्वसनसाखळीच्या पन्हळीत, आणि त्या पन्हळीच्या शेवटी उभा असतो ऑक्सिजन. वाटेत इलेक्ट्रॉनांच्या ओघावर प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात, आणि ते परतताना एटीपी सिंथेज नावाचे इवलेसे चाक खरोखरच गरगर फिरवून नाणी पाडतात. हा विचार पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडला, तेव्हा बड्या बड्यांनी नाके मुरडली. १९७८ मध्ये त्याच विचाराला नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या पिढीने साखरेच्या एका रेणूमागे ३८ एटीपी असा हिशेब घोकला होता. आजची पुस्तके ३० ते ३२ सांगतात, कारण वाहतुकीचा आणि गळतीचा खर्च आता जमेस धरला जातो. घरखर्चाचेही असेच असते.

शिकाऊ डॉक्टरांना मी एक प्रश्न नेहमी विचारतो: चक्राच्या आठ पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर ऑक्सिजन खर्च होतो? पुष्कळ जण चाचपडतात. उत्तर आहे, एकाही नाही. तरीही ऑक्सिजन संपताच चक्र थांबते, कारण पन्हळ तुंबली की मडकी रिती होत नाहीत, आणि भरली मडकी घेऊन रहाट फिरत नाही. आमच्या भागात धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या खाऊन आलेला तरुण शेतकरी ज्याने पाहिला आहे, त्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. रक्तात ऑक्सिजन भरपूर, पण पन्हळीचे शेवटचे तोंडच विषाने बुजलेले.

हे चक्र शोधणारे हान्स क्रेब्ज आपल्याच व्यवसायातले. १९०० साली जर्मनीतील हिल्डेसहाइम येथे एका नाक-कान-घसा तज्ज्ञाच्या घरी त्यांचा जन्म झाला आणि त्यांनी स्वतः वैद्यकाची पदवी घेऊन रुग्णालयांत काम केले. १९३२ मध्ये युरियाचक्र शोधणाऱ्या या माणसाला १९३३ मध्ये केवळ ज्यू म्हणून नोकरीवरून काढण्यात आले. इंग्लंडने आश्रय दिला. शेफिल्ड येथे १९३७ मध्ये, विल्यम जॉन्सन या विद्यार्थ्यासह, कबुतराच्या छातीच्या स्नायूचा खिमा ऑक्सिजन किती वेगाने ओढतो हे मोजता मोजता त्यांना चक्राची जुळणी सापडली. अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी चार कार्बनांच्या आम्लांचे कार्य आधीच दाखविले होते. मार्टियस आणि नूप यांनी सायट्रेटची पुढची वाट शोधली होती. सुटे दुवे होते, त्यांचे वर्तुळ होते हे क्रेब्ज यांनी ओळखले. ‘नेचर’ने तो मजकूर जागेअभावी परत पाठविला, तो ‘एन्झायमॉलॉजिया’ या नियतकालिकात छापून आला आणि १९५३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आणि ज्या एटीपीसाठी हा सारा प्रपंच, त्याच्या शोधकर्त्यांत आपल्या तेलुगू शेजाऱ्यांचे यल्लाप्रगडा सुब्बाराव आहेत, हे किती जणांना ठाऊक आहे? भीमवरमचा हा मुलगा मद्रासला वैद्यक शिकला आणि हार्वर्डला गेला. १९२९ मध्ये जर्मनीत लोहमान यांनी आणि तिकडे फिस्के व सुब्बाराव यांनी एटीपी स्वतंत्रपणे शोधले.

कबुतरे मात्र शेफिल्डपुरती राहिली नाहीत. त्याच दशकात ऑक्सफर्डला रुडॉल्फ पीटर्स हे थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१, न मिळालेल्या कबुतरांचा अभ्यास करीत होते. त्या पक्ष्यांची मान मागे वळे, झटके येत. त्यांच्या मेंदूच्या ऊतीत साखर होती, ऑक्सिजन होता, तरीही ज्वलन होत नव्हते; परीक्षानळीत थायमिन घालताच ते सुरू होई. सूक्ष्मदर्शकाखाली काहीच बिघाड दिसत नसताना रसायनात बिघाड असू शकतो, ही कल्पना त्यांनी वैद्यकाला दिली. कारण आज आपल्याला नेमके ठाऊक आहे. पायरुव्हेटला चक्रात घेणारे दारावरचे विकर थायमिनवाचून चालत नाही, आणि खुद्द चक्रातील अल्फा-कीटोग्लुटरेटची पायरीही चालत नाही. दोन्ही ठिकाणी एकच कुलूप, एकच किल्ली. दार बंद असताना साखर ओतली तर पायरुव्हेट साचते, त्याचे लॅक्टेट होते, आणि शरीरातले उरलेसुरले थायमिन त्या साखरेमागे खर्ची पडते.

येथे आपण पुन्हा त्या बाटलीपाशी येतो. थायमिनचा शरीरातील साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरणारा. आहार तुटला की तो संपतो. नित्य दारू अथवा गुडुंबा पिणारा, दहा-बारा दिवस ओकाऱ्यांनी हैराण झालेली गर्भवती, लठ्ठपणाची शस्त्रक्रिया झालेला, शिरेतूनच पोषण घेणारा, असे रुग्ण ‘शक्ती’साठी आपल्यापुढे येतात. काही वर्षांपूर्वी एका खासगी रुग्णालयात मला सल्ल्यासाठी बोलाविण्यात आले होते. पिण्याची सवय असलेला, चाळिशीचा गृहस्थ. तीन दिवस उलट्या, तीन दिवस डेक्स्ट्रोज. चौथ्या दिवशी त्याला एकाची दोन दिसू लागली, चालता येईना, बोलणे असंबद्ध झाले. थायमिन शिरेतून दिल्यावर डोळे एका दिवसात सरळ झाले. स्मरणशक्ती मात्र परत आली नाही. आजही तो पत्नीला, आपण घरी कधी जायचे, असे घरातच बसून विचारतो. त्या तीन दिवसांच्या कागदपत्रांत प्रत्येक बाटलीची वेळ मिनिटासह टिपलेली होती.

याहून मनाला लागणारी गोष्ट अर्भकांची आहे. गेल्या काही वर्षांत हैदराबाद आणि कर्नाटकातील बालरोगतज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या रुग्णवृत्तांतांत, अंगावर पिणारी काही महिन्यांची बाळे धाप, न थांबणारे रडणे आणि फुप्फुसांतील वाढलेला रक्तदाब घेऊन येतात. रक्तात लॅक्टेट साचलेले असते. जंतुसंसर्ग वा जन्मजात हृदयदोष समजून उपचार करावेत तो बाळ हातचे जाते. थायमिन दिल्यास तेच बाळ बहुधा तासांत वा एक-दोन दिवसांत सावरते. आया बहुधा पॉलिश केलेल्या तांदळाचा भात आणि ‘पथ्य’ एवढ्यावर ठेवलेल्या. इस्रायलमध्ये २००३ साली सोयाबीनच्या एका बालआहारात थायमिनच नव्हते, तेव्हा अनेक अर्भके आजारी पडली आणि काही दगावली. तेथे तो कारखान्यातला दोष होता. आपल्याकडे तो दोष स्वयंपाकघरात, प्रेमापोटी घडतो.

आपल्या घरांविषयी म्हणायचे तर मराठवाड्यातून येथे आलेल्या पिढीच्या ताटात ज्वारीची भाकरी होती, बाळंतिणीला बाजरी, मेथी, अळीव होते. त्या ताटाला थायमिनची चिंता नव्हती. शुभ्र तांदूळ हे प्रतिष्ठेचे लक्षण झाले आणि भाकरी पाहुणी झाली. तांदूळ जितका पांढरा तितका कोंडा गेलेला, आणि थायमिन त्या कोंड्यात. राहिलेले तीन पाण्यांत धुऊन आणि वरची पेज ओतून देऊन जाते. कोकण-गोव्यातील उकडा तांदूळ या बाबतीत शहाणा, कारण उकडताना जीवनसत्त्व दाण्याच्या आत सरकते. बाळंतिणीला डाळ ‘बाधते’ म्हणून ती बंद करणाऱ्या आज्यांशी वाद घालणे सोपे नाही, हे मी जाणतो. घरच्या आजीपुढे माझी एमडीची पदवी फारशी चालली नव्हती.

काही सहकारी म्हणतील की, हे थायमिनचे नवे खूळ आहे. तसे नाही. जंतुदोषाच्या धक्क्यात क जीवनसत्त्वासह थायमिन देण्याचा गाजावाजा झाला होता. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्याचा लाभ दिसला नाही. शिवाय बाटलीत पिवळे इंजेक्शन मिसळून रुग्णाला खूश करणे हेही मला मान्य नाही, जरी त्या मिश्रणात बहुधा थायमिन असते आणि एखादा रुग्ण केवळ पिवळ्या रंगाच्या हौसेमुळे वाचत असेल. माझे म्हणणे मर्यादित आहे. ज्याचा आहार तुटला आहे त्याला साखर देण्यापूर्वी, निदान तिच्याबरोबर, थायमिन द्यावे. रक्तातील साखर खाली गेली असेल तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता ग्लुकोज द्यावे आणि थायमिन त्याच हाताने. आणि लॅक्टेट वाढलेले असून कारण सापडत नसेल, तर त्या चक्राच्या दाराची आठवण करावी.

म्हणूनच, आपल्या संस्थेच्या पुढील मोफत तपासणी शिबिरात सलाईनच्या टेबलावर थायमिनच्या कुप्या ठेवाव्यात, आणि बालरोग विभागातील नोंदपत्रकात ‘बाळाची आई काय जेवते?’ हा एक रकाना वाढवावा, असा ठराव मी कार्यकारिणीपुढे मांडणार आहे. खर्च किरकोळ आहे; कुप्यांचा मी स्वतः देईन. अनुमोदक तेवढा हवा आहे.