बारावीची दुबार पेरणी

बारावीला साठ-पासष्ट टक्के पडले की घरात ठरून जाते: पोरगा औतावर, पोरगी बोहल्यावर. आता नागपूरच्या व्हीएनआयटीत कोण घेतो? आम्हाला हे मान्य नाही.

तिथला बी.टेक.चा प्रवेश जेईई मेनच्या क्रमांकावर होतो आणि निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या मुलांच्या आहेत. अडते ते बारावीच्या अटीवर. ७५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना ६५. नाहीतर आपल्या बोर्डात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये यावे लागते.

त्यासाठी बोर्डाची श्रेणीसुधार योजना आहे. पास झालेल्यालाही पुन्हा परीक्षेला बसता येते. एका विषयाचे नांगे भरून भागत नाही, सगळे विषय पुन्हा द्यायचे, म्हणजे दुबार पेरणीच. पण इथे पहिले पीक मोडावे लागत नाही. गुण वाढले नाहीत तर जुने गुणपत्रक आहेच. अर्ज आपल्याच कनिष्ठ महाविद्यालयातून जातो. संधी मोजक्या आणि लागोपाठच्या, तेव्हा निकाल लागताच प्राचार्यांना गाठा. जेईई मेनही बारावीच्या वर्षी आणि पुढची दोनच वर्षे देता येते. वाफसा तेवढाच.

शहरातल्या क्लाससाठी कापूस विकण्याआधी, भावांनो, गुण कुठे गळाले ते पाहा. पुष्कळदा ते इंग्रजीत गळालेले असतात. टक्के काढताना भाषेचा विषयही धरतात. क्लासवाले मात्र भौतिक, रसायन, गणितापलीकडे बघत नाहीत. इंग्रजीचे गुण गावात बसूनही वाढवता येतात.

पुढच्या तालुका बैठकीला येताना पोरापोरींची गुणपत्रके सोबत आणा. विषयवार बसून पाहू.