जात मोडली, कीं किल्ली पळविली?

पोलंड देशांत २०१५ सालीं जो पक्ष अधिकारावर आला, त्यानें न्यायाधीशांवर केलेला आरोप ऐकून आमच्या वाचकांचे कान टवकारतील. हे न्यायाधीश म्हणजे एक ‘जात’ होऊन बसले आहेत, ती आम्ही मोडणार, असें तो पक्ष म्हणूं लागला. शब्द त्याला आयताच मिळाला होता. २०१६ सालीं न्यायाधीशांच्या परिषदेंत एका न्यायाधीश बाईंनींच आपल्या वर्गाला असामान्य जात म्हटलें होतें. जातीचा जाच ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या सोसला, त्या शेतकरी-कारागिरांना जात मोडण्याची भाषा गोड लागावी हें साहजिक आहे. म्हणूनच पुढें काय झालें तें नीट पाहिलें पाहिजे.

२०१६ सालीं न्यायमंत्री हाच सरकारी वकिलांचा मुख्य झाला. २०१७ च्या कायद्यानें कोर्टांचे अध्यक्ष बदलण्याचा अधिकारहि त्याला मिळाला, आणि कांहीं महिन्यांत शंभरावर अध्यक्ष-उपाध्यक्ष बदलले. न्यायाधीशांच्या नेमणुका सुचविणाऱ्या मंडळावर पूर्वीं १५ न्यायाधीश स्वतः न्यायाधीशच निवडून देत. ती निवड कायदेमंडळांतील बहुमताकडे गेली. न्यायाधीशांना शिक्षा करणारें नवें खातें सर्वोच्च न्यायालयांत उघडलें, त्यांत याच मंडळानें सुचविलेले लोक बसले. म्हणजे फिर्यादी, पंच नेमणारा आणि पंचाला दंड करणारा, सारे एकाच घरचे! आपल्याकडे इंग्रजी अमलांत सारा वसूल करणारा कलेक्टर हाच जिल्ह्याचा मॅजिस्ट्रेट असे. त्याचा अर्थ आमच्या वाडवडिलांना ठाऊक होता. पोलंडांत विणकराच्या पोरासाठीं न्यायासनाचें दार यानें उघडलें काय? कुलूप तेंच राहिलें. किल्ली तेवढी मंत्र्याच्या कमरेला गेली.

या वेळीं ‘युस्टित्सिया’ ही न्यायाधीशांची संस्था आडवी आली. ती १९९० सालीं स्थापन झाली. देशांतले सुमारें एकतृतीयांश न्यायाधीश तिचे सभासद. ओल्श्टिन शहरचे न्यायाधीश पावेल युश्चिशिन यांनीं २०१९ सालीं कायदेमंडळाकडे, त्या मंडळावरील उमेदवारांना पाठिंबा कोणाचा होता, त्या याद्या मागितल्या. एवढ्यावरून फेब्रुवारी २०२० मध्यें त्यांना कामावरून दूर केलें आणि पगार ४० टक्के कापला. त्याच महिन्यांत अमलांत आलेल्या कायद्यानें, आपण कोणत्या संस्थेचे सभासद आहों, हें जाहीर करणें प्रत्येक न्यायाधीशाला भाग पाडलें. त्यापूर्वींच, ११ जानेवारीला, न्यायाधीश अंगांत झगे घालून वॉर्सा शहरांत मुकाट्यानें चालले. युरोपांतील अनेक देशांचे न्यायाधीश त्यांच्या सोबत होते, आणि हजारों सामान्य माणसेंहि. युरोपीय संघाच्या न्यायालयानें जुलै २०२१ मध्यें ती शिक्षेची व्यवस्था, आणि जून २०२३ मध्यें ती सभासदत्वाची सक्ति, कायद्याविरुद्ध ठरविली. युश्चिशिन २०२२ सालीं पुन्हां कोर्टांत बसले.

कोणी म्हणेल, हे लोक आपल्या मानासाठीं आणि पगारासाठीं भांडले. गरिबाला त्याचें काय? आम्ही विचारतों, धरणांत जमीन गेली, पोलिसानें पोराला उगाच धरून नेलें, तर तुमच्या समोर पक्षकार कोण असतो? सरकारच असतें. श्रीमंताला वशिला आहे, पैसा आहे; गरिबाला न्यायासनावांचून दुसरें कोण आहे? त्या आसनावरचा माणूस मंत्र्याला भिऊन बसला असेल, तर निकाल ऐकण्यासाठीं कोर्टाची पायरी चढण्याचेंहि कारण उरत नाहीं.

पण न्यायाधीशांच्या संस्थांनाहि आमचें सांगणें आहे. स्वातंत्र्य हें तुमचें वतन नव्हे. रयतेनें सोपविलेली ती ठेव आहे. लांचखाऊ सोबत्याला त्या नांवाखालीं लपवाल, न्यायासनाची वाट आपल्याच सोयऱ्यांपुरती ठेवाल, तर ‘जात’ हा शब्द तुम्हांला चिकटेल, आणि उद्यां मंत्री तुम्हांवर चालून आला तर रस्त्यावर तुमच्या सोबत कोणी उतरणार नाहीं. २०२३ सालीं पोलंडांत सरकार बदललें. नव्या राज्यकर्त्यांनाहि तोच गज लावला, तरच त्या संस्थेचें बोलणें खरें.

बंधुभगिनींनो, जात मोडतों म्हणून कोणी पुढें आला, तर त्याला एकच प्रश्न विचारा: दार उघडणार आहांत, कीं किल्ली स्वतः घेणार आहांत? दार उघडणाऱ्याच्या पाठीशीं उभे राहा. किल्ली मागणाऱ्याला घरीं पाठवा.