चिठ्ठ्या टाका, संघ पाडा

"मुलग्यांना मुलगेच लागतात हो खेळायला, उपजतच असतं ते," असं शिक्षकांच्या खोलीत कुणी म्हणालं, की मी कलहारीतल्या जू-होआन्सींचा विषय काढते. शिकार आणि कंदमुळांवर जगत आलेली ही माणसं. पॅट्रिशिया ड्रेपर या मानववंशशास्त्रज्ञ १९६०च्या दशकाअखेरीस बोट्स्वानात त्यांच्यात राहिल्या. १९७५ साली त्यांचा लेख आला. रानातल्या वस्तीत माणसं मोजकी, पोरं त्याहून मोजकी. एका वयाचे दोघे मिळायची मारामार, तिथे नुसत्या मुलग्यांचा संघ कुठून उभा राहणार? लहान-मोठी, मुलगे-मुली, सगळी एकाच घोळक्यात. कामंही त्यांच्यावर फारशी लादलेली नसत.

भेद अजिबात नव्हता असं मी म्हणणार नाही. रानकलिंगडाचा खेळ बायका-मुलींचाच. टाळ्या आणि गाण्याच्या ठेक्यावर एकीने नाचत यायचं, फळ मागे उडवायचं, मागचीने ठेका न चुकवता झेलायचं. आपल्या मंगळागौरीवाल्यांना लगेच जमेल! मुलगे खेळातले भाले फेकत.

पण काही कुटुंबं एका जागी स्थिरावली, शेती आणि शेळ्या-गुरं आली, तसे मुलगे जनावरांमागे लांब जाऊ लागले आणि मुली घराशी अडकल्या. माणसं तीच, भाषा तीच. उपजत स्वभाव शेळ्या आल्या म्हणून बदलतो होय?

माझी पहिली नेमणूक डोंगरातल्या द्विशिक्षकी शाळेत. पट जेमतेम वीस. मुली घेतल्या नाहीत तर कबड्डीचा संघच पुरा होत नसे. चौथीतली एक पोर चढाईला आली की मुलगे आधीच मागच्या रेषेकडे सरकत. पुढे मोठ्या गावातल्या शाळेत बदली झाली. पट चारशेवर. तिथे मुलींच्यात लगोरी खेळणाऱ्या मुलाला चिडवून चिडवून रडवलेलं मी पाहिलं. आणि आम्ही शिक्षक काय करत होतो? शिट्टी वाजवून दोन रांगा लावत होतो, मुलांची एक, मुलींची एक.

मोठ्या शाळेचा पट कमी करता येत नाही, करूही नये. पण रांग उंचीप्रमाणे लावता येते, तिसरी-चौथी एकत्र खेळवता येते, चिठ्ठ्या टाकून संघ पाडता येतात. याला पैसे लागत नाहीत, शासन निर्णयही लागत नाही. तालुक्याच्या स्पर्धेला मुलामुलींचे वेगळे संघ पाठवावे लागतात, मान्य. ते स्पर्धेपुरते वेगळे पाडूच की.