विश्लेषण : चित्रं पार्किन्सनची, पुस्तक मात्र बँक्स यांच्या नावावर, असं का झालं?

कॅमेरा नव्हता, तेव्हा सागरी मोहिमांवर चित्रकार नेले जात. ऑगस्ट १७६८मध्ये कॅप्टन जेम्स कुक यांचं ‘एन्डेव्हर’ जहाज इंग्लंडहून निघालं, त्यावर एडिनबराचा सिडनी पार्किन्सन होता. वय विशीतलं. श्रीमंत निसर्ग अभ्यासक जोसेफ बँक्स यांनी त्याला पगारावर घेतलं होतं. सापडेल ती वनस्पती, दिसेल तो प्राणी कागदावर उतरवायचा, हे त्याचं काम.

ताहितीत सहकारी चित्रकार अलेक्झांडर बकन मरण पावला आणि माणसं, देखावे काढण्याचं कामही पार्किन्सनवर आलं. त्यात तिथल्या माश्या कागदावर लावलेला रंगच खाऊन टाकत!

खरी कसोटी लागली ऑस्ट्रेलियात. १७७०मध्ये बॉटनी बे इथे नव्या वनस्पतींचा ढीग लागला. त्या सुकायच्या आत काढायच्या होत्या. पार्किन्सनने १४ दिवसांत ९४ रेखाटनं केली, म्हणजे दिवसाला सहा-सात. सगळं रंगवणं अशक्यच. मग त्याने युक्ती केली. आकार पूर्ण काढायचा, रंग एखाद्या पानाफुलालाच द्यायचा, बाकीचे रंग शब्दांत लिहून ठेवायचे. आजच्या भाषेत त्याने फाइल कॉम्प्रेस केली. पुढे दुसऱ्या कुणालाही चित्र पूर्ण करता येईल, एवढी माहिती त्यात होती.

आणि झालंही तसंच. बटाव्हियाहून (आजचं जकार्ता) परतताना जहाजावर आजार पसरला. जानेवारी १७७१मध्ये पार्किन्सन आमांशाने समुद्रातच गेला. मागे नऊशेहून अधिक चित्रं उरली, बहुतेक अपुरी. लंडनमध्ये बँक्स यांनी ती इतर चित्रकारांकडून पुरी करून घेतली, त्यावरून सातशेहून अधिक तांब्याचे पत्रे कोरून घेतले. पण त्यांच्या हयातीत पुस्तक निघालंच नाही. रंगीत संच छापला गेला थेट १९८० ते १९९०च्या दरम्यान. नाव ‘बँक्सेस फ्लोरिलेजियम’.

पैसे बँक्स यांचे होते, हे मान्य. त्यांच्याविना मोहिमेत चित्रकारच नसता. पण फोटोखाली फोटोग्राफरचं नाव हवं, असा आग्रह आज धरला जातो. मग इथे शीर्षकात पार्किन्सन का नाही? त्याची चित्रं आज लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहेत.

ऑस्ट्रेलियातल्या झाडांच्या एका अख्ख्या प्रजातीला ‘बँक्सिया’ नाव मिळालं. ‘पार्किन्सोनिया’ही आहे, पण ते नाव जॉन पार्किन्सन या शतकभर आधीच्या वनस्पतितज्ज्ञावरून पडलं आहे.