अर्ज पडद्यावर, नोकरी पडद्याआड!

यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव हे तालुक्याचे गाव. भोवतालचा मुलूख कापसाचा आणि कोलामांच्या पोडांचा. शेजारी वणी परिसरात कोळशाच्या खाणी आहेत, मुकुटबनला सिमेंटचा कारखाना आहे, आणि पलीकडे चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र आहे. जमिनीखाली एवढी संपत्ती आणि जमिनीवर एवढे कारखाने असताना या तालुक्यातील पदवीधर तरुण नोकरी शोधतो तरी कोठे? खाणीच्या फाटकाशी नव्हे, कारखान्याच्या कचेरीतही नव्हे. तो ती शोधतो हातातील मोबाइलच्या चार बोटे रुंद पडद्यावर. जाहिरात तेथे, अर्ज तेथे, शुल्क तेथे, प्रवेशपत्र तेथे आणि निकालही तेथेच. त्याचे सारे भवितव्य त्या काचेवर लिहिले जाते आणि त्या काचेवरूनच पुसलेही जाते. या नव्या व्यवस्थेने मारेगावच्या तरुणाला नेमके काय दिले आणि त्याच्याकडून काय घेतले, याचा रोखठोक हिशेब मांडण्याची वेळ आता आली आहे.

प्रथम जमेची बाजू पाहू. कारण नव्याला नावे ठेवून जुन्याचे गोडवे गाणे हा आमचा पिंड नव्हे. आपल्या देशात सेवायोजन कार्यालये निघाली ती १९४५ साली, महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना कामधंद्याला लावण्यासाठी. पुढे १९५९ चा कायदा झाला आणि कारखानदारांनी रिकाम्या जागा या कार्यालयाला कळवाव्यात असे बंधन आले. परंतु जागा कळविण्याचे बंधन असले तरी कार्यालयाने पाठविलेला माणूस घेण्याचे बंधन मात्र नव्हते! परिणामी लक्षावधी तरुणांच्या खिशात 'एम्प्लॉयमेंटचे कार्ड' आले, आणि पुष्कळांच्या बाबतीत ते खिशातच राहिले. मारेगावच्या मुलाने एस.टी.ने यवतमाळ गाठावे, नाव नोंदवावे, मुदत संपली की पुन्हा जाऊन नूतनीकरण करावे आणि मग 'कॉल'ची वाट पाहावी, असा तो क्रम होता. १९७६ पासून 'रोजगार समाचार' निघू लागला. पण खेड्यात तो हाती पडेपर्यंत अर्जाची मुदत कधी संपत आलेली असे, कधी संपलेलीही असे. शहरातील वर्तमानपत्रांचा 'पाहिजेत'चा रकाना शहरापुरताच होता. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, केवळ सेवायोजन कार्यालयाच्या यादीवर भरती करू नका, जागांना जाहीर प्रसिद्धी द्या. तोवर कितीतरी दारे कितीतरी जणांना नुसती दिसतही नव्हती.

ही स्थिती इंटरनेटने पालटली, हे मान्य केलेच पाहिजे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी ही सेवा खुली केली. दोनच वर्षांनी, १९९७ साली, 'नोकरी डॉट कॉम' सुरू झाले. २० जुलै २०१५ रोजी केंद्र सरकारने 'नॅशनल करिअर सर्व्हिस'चे संकेतस्थळ उघडले. महाराष्ट्र शासनाचे 'महास्वयम्'ही आले. या दोन्ही सरकारी स्थळांवर नाव नोंदविण्यास छदामही पडत नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील जागाही आता पडद्यावर दिसतात, आणि आय.टी.आय. झालेल्या मुलाला कोणत्या आस्थापनेत शिकाऊ म्हणून जाता येईल हे घरबसल्या कळते. जी माहिती पूर्वी बड्या बाबूच्या टेबलाच्या खणात कुलूपबंद असे, ती आज पोडावरच्या मुलालाही, मोबाइलला रेंज असेल तर, त्याच क्षणी मिळू शकते. ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. हा एका अर्थाने माहितीच्या सरंजामशाहीचा शेवट आहे.

परंतु माहिती मिळणे आणि नोकरी मिळणे यांत जे अंतर आहे, ते इंटरनेटने तसूभरही कमी केलेले नाही. उलट खिडकी सर्वांना उघडी झाल्यामुळे दारावरची गर्दी मात्र अफाट वाढली. २०२३ सालची तलाठी भरतीच पाहा. जागा ४,६४४ आणि अर्जदार दहा लाखांहून अधिक! एका जागेमागे दोनशेंहून अधिक उमेदवार. खुल्या वर्गासाठी शुल्क १,००० रुपये आणि राखीव वर्गासाठी ९०० रुपये. मारेगावच्या शेतमजुराच्या घरात हजार रुपये म्हणजे तीन-चार दिवसांची मजुरी. ती भरून मुलगा परीक्षेला बसतो, आणि २१ ऑगस्टच्या सकाळी सर्व्हर बंद पडल्यामुळे परीक्षार्थी केंद्रांबाहेर ताटकळत उभे राहतात! एवढे शुल्क कशासाठी, असे विचारले की उत्तर ठरलेले असते : शुल्क कमी ठेवले तर गांभीर्य नसलेले उमेदवारही अर्ज करतात. आम्ही विचारतो, गांभीर्य मोजण्याचे माप रुपया कधीपासून झाले? ज्याच्या बापाला हजार रुपये सहज देता येतात तो गंभीर, आणि ज्याची आई कापूस वेचून ते जमविते तो उथळ, असे हे गणित आहे काय? आम्ही एकेकाळी फळ्यासमोर खडू घेऊन उभे राहिलेले आहोत. वर्गातील गंभीर मुलगा कोण, हे त्याच्या फीच्या पावतीवरून ओळखण्याची विद्या आम्हांला तरी कोणी शिकविली नव्हती.

याहूनही कठोर उदाहरण जिल्हा परिषदांचे आहे. मार्च २०१९ मध्ये राज्यभरातील जिल्हा परिषदांच्या तेरा हजारांहून अधिक जागांची जाहिरात निघाली. मुलांनी अर्ज भरले, शुल्क भरले आणि वाट पाहिली. एक वर्ष गेले, दोन गेली, तीन गेली. आणि २०२२ साली ती भरतीच रद्द झाली! पैसे परत देण्याची प्रक्रिया त्यानंतर सुरू झाली, आणि तीसुद्धा पुन्हा एका संकेतस्थळावर माहिती भरण्याच्या अटीवर. पैसे तरी परत मिळतील. पण पंचविशीतील तीन वर्षे कोणत्या संकेतस्थळावर परत मिळतात? २०१७ साली मोठ्या गाजावाजाने आणलेले 'महापरीक्षा' पोर्टल उमेदवारांच्या तक्रारींमुळे २०२० मध्ये गुंडाळावे लागले. पुढच्याच वर्षी, २५ व २६ सप्टेंबर २०२१ रोजी ठरलेली आरोग्य विभागाची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलण्यात आली. आणि १२ डिसेंबर २०२१ ची म्हाडाची परीक्षा, पेपर फोडण्याचा कट उघडकीस आल्याने, ऐन वेळी रद्द झाली. ज्याचे परीक्षा केंद्र घराजवळ असते त्याच्या दृष्टीने ही केवळ एक बातमी असते. जो मुलगा आडगावाहून रात्रीची गाडी धरून निघालेला असतो, त्याच्या दृष्टीने ती फसवणूक असते. पेपरफुटीविरुद्ध केंद्राचा कायदा २१ जून २०२४ पासून अमलात आला, हे चांगलेच झाले. पण चोराला शिक्षा झाली म्हणून लुटल्या गेलेल्याचे नुकसान भरून निघत नाही.

सरकारी भरतीची ही तऱ्हा, तर पडद्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठग टपून बसलेलेच आहेत. सरकारी नावाशी मिळतेजुळते नाव घ्यावे, बोधचिन्ह चिकटवावे, 'आपली निवड झाली आहे' असे पत्र धाडावे आणि गणवेशाचे, वैद्यकीय तपासणीचे वा अनामतीचे म्हणून पैसे उकळावेत, हा आता राजरोस धंदा झाला आहे. त्याचे टोक किती भयंकर असू शकते हे २०२२ साली दिसले. थायलंडमध्ये 'डिजिटल विक्री'ची नोकरी अशी समाजमाध्यमांवर जाहिरात पाहून गेलेले भारतीय तरुण म्यानमारमध्ये नेण्यात आले, आणि तेथे डांबून त्यांच्याकडून लोकांना फसविण्याचेच काम करवून घेण्यात आले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात परराष्ट्र मंत्रालयाला जाहीर इशारा द्यावा लागला. म्हणून प्रत्येक पालकाने आणि शिक्षकाने तरुणांच्या कानी चार गोष्टी घातल्या पाहिजेत. सरकारी म्हणविणाऱ्या स्थळाच्या पत्त्याचा शेवट 'जीओव्ही डॉट इन' वा 'एनआयसी डॉट इन' असा नसेल तर जाहिरात मूळ खात्याकडून खात्री करून घेतल्याखेरीज पुढे जाऊ नये. जाहिरातीत छापलेल्या परीक्षा शुल्काखेरीज नोकरीसाठी जो पैसे मागतो तो नोकरी देणारा नसतो, ती विकणारा असतो. आणि बहुधा त्याच्याकडे विकायलाही काही नसते. परदेशी पाठविणाऱ्या दलालाची नोंदणी 'ई-मायग्रेट' या सरकारी स्थळावर तपासावी. आणि फसगत झालीच तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. कारण अशा बाबतीत पहिले काही तासच पैसा अडवून धरण्याच्या उपयोगाचे असतात.

आता आमच्या शहरी वाचकांना थोडे अप्रिय वाटेल असे लिहिणे भाग आहे. इंटरनेटने ओळखीपाळखीचे राज्य संपविले, असे आपण समजतो. तसे झालेले नाही. आपल्या घरातील मुलगा 'लिंक्डइन'वर असतो. त्याचा वर्गमित्र त्याला जागा सुचवितो, मामेभाऊ त्याचा परिचयलेख सुधारून देतो, कचेरीतील कोणी त्याचे नाव पुढे करतो. जुनी चिठ्ठी गेली आणि नवी 'रेफरल' आली, एवढाच काय तो फरक! मारेगावच्या मुलाजवळ संकेतस्थळाचा पत्ता आहे, पण त्या पत्त्यावर ओळखीचे माणूस नाही. त्याचा अर्ज नेट कॅफेवाला भरतो. परिचयलेख कोणाच्या तरी नमुन्यावरून उतरविलेला असतो. अर्जातील एक रकाना चुकला तर यंत्र तो अर्ज बाजूला सारते आणि कारण सांगत नाही. ज्याची घरची बोली कोलामी, शाळेची भाषा मराठी आणि खासगी कंपनीच्या अर्जाची भाषा इंग्रजी, त्या मुलाला तर नोकरीच्या उंबरठ्याशी पोहोचण्यापूर्वीच दोन नद्या ओलांडाव्या लागतात. पडदा सर्वांना सारखा दिसतो, हे खरे. पण सर्वजण त्याच्यासमोर सारख्या तयारीने बसत नाहीत.

यावर काही शहाणे म्हणतात की, या मुलांनी नोकरीचा हट्टच का धरावा? शेती करावी, धंदा करावा. उपदेश मोठा सोयीचा आहे. कापसाच्या कोरडवाहू शेतीने यवतमाळ जिल्ह्यातील किती घरांचे दिवे विझविले, हे उभ्या देशाला ठाऊक आहे. आणि धंद्याला भांडवल लागते, ते उपदेशातून मिळत नाही. शासनाने २०२४ साली 'मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना' आणून बारावी झालेल्यास ६,०००, आय.टी.आय. वा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये दरमहा विद्यावेतन दिले. मुलांनी त्याचे स्वागतच केले. पण काही महिन्यांनी मुदत सरली की पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर योजनेत नव्हते. प्रशिक्षण हा पूल आहे. पलीकडचा काठच नसेल तर पुलावर माणसाने किती दिवस उभे राहायचे?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आणि शक्य कोटीतील आहेत. पहिली : एका उमेदवाराची एकच नोंदणी आणि वर्षाचे एकच, परवडेल असे शुल्क असावे, आणि भरती रद्द झाली तर कोणी न मागता ते शुल्क मुदतीत परत खात्यात जमा व्हावे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ ऑगस्ट २०२० रोजी राष्ट्रीय भरती संस्था मंजूर केली, एक सामायिक परीक्षा आणि प्रत्येक जिल्ह्यात परीक्षा केंद्र असे आश्वासन दिले. परंतु २०२४ साल संपेपर्यंत तरी तशी एकही परीक्षा झालेली नव्हती. दुसरी मागणी : शाळेचे वेळापत्रक जसे वर्षारंभी लागते, तसे राज्याचे भरतीचे वेळापत्रक जाहीर व्हावे आणि ते पाळले जावे. तिसरी : 'महास्वयम्'वर किती जणांनी नावे नोंदविली हे सांगून शासनाने थांबू नये, प्रत्येक तालुक्यातील किती जणांना प्रत्यक्ष नोकरी लागली, हा आकडा दर तिमाहीस प्रसिद्ध करावा. चौथी : जिल्हा कौशल्य विकास केंद्राचा एक जाणता माणूस आठवड्यातून एक दिवस मारेगावसारख्या प्रत्येक तालुक्याच्या गावी बसावा, त्याने अर्ज तपासावा, खोटी जाहिरात ओळखून द्यावी आणि खाणी-कारखान्यांतील रिकाम्या जागा स्थानिक मुलांना सांगाव्यात. यासाठी नवी इमारत नको. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे राज्यात अकरा हजारांच्या आसपास अनुदानित ग्रंथालये उभी आहेत. तेथे एक संगणक, एक छपाईयंत्र आणि एक सहृदय माणूस दिला, तर नेट कॅफेच्या दारात जाणारे मुलांचे पैसेही वाचतील आणि ओस पडणाऱ्या ग्रंथालयांत पुन्हा पावले वाजतील.

पाचवी मागणी सरकारकडे नाही, ती आमच्या वाचकांकडे आहे. नागपूर-पुण्याच्या कचेऱ्यांत आज मोठ्या हुद्द्यांवर बसलेले कितीतरी जण वणी, मारेगाव, झरी, पांढरकवडा या भागांतून आलेले आहेत. त्यांनी आपल्या जुन्या शाळेतील निदान एका मुलाचा परिचयलेख वाचून द्यावा, एका मुलीची मुलाखतीची तयारी दूरध्वनीवरून करून घ्यावी. ज्या यंत्राने आपल्या मुलांना ओळखी दिल्या, तेच यंत्र या कामालाही येते. त्याला पैसा लागत नाही. थोडा वेळ आणि थोडी लाज लागते.

याच महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कल्पना प्रत्यक्षात उतरविली आणि १९७७ साली तिला कायद्याचे रूप देऊन, काम मागण्याचा माणसाचा हक्क देशात प्रथम मान्य केला. त्या कायद्याचे मर्म असे होते की, मागणाऱ्याला शासनाने उत्तर दिलेच पाहिजे. खडी फोडणाऱ्या हातांना जो मान तेव्हा आपण दिला, तो कळफलकावर अर्ज टंकणाऱ्या हातांना आज नाकारण्याचे कारण काय? 'आपला अर्ज यशस्वीरीत्या सादर झाला आहे' एवढेच वाक्य पडद्यावर वाचून मारेगावच्या तरुणांची एक पिढी वयोमर्यादा ओलांडत चालली आहे. अर्ज सादर झाला, हे त्यांना ठाऊक आहे. तो कोणी वाचला काय, एवढेच त्यांना कळावयाचे आहे. आणि त्याचे उत्तर देणे यंत्राचे काम नव्हे, राज्यकर्त्यांचे आहे!