कोयता एक, माणसं दोन

युरोपातल्या देशांचे स्थलांतराचे कायदे आणि आपल्याकडची ऊसतोड यांचा संबंध काय, असं धुळ्याच्या बैठकीत एका मैत्रिणीनं विचारलं. प्रश्न रास्त होता. युरोपातलं स्थलांतर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर व्हिसाच्या रांगा येतात, भूमध्य समुद्रात बुडालेल्या बोटी येतात. आपल्या बायका जातात ट्रकमधून. साक्री-नवापूरकडून बारडोलीच्या बाजूला, नाहीतर चाळीसगावच्या तांड्यांवरून सांगली-कोल्हापूरकडे. त्यांना पासपोर्ट कुणी विचारत नाही. देशात कुठेही जायचा आणि राहायचा हक्क घटनेच्या १९ व्या कलमानं दिलेलाच आहे. तरीही गेले काही महिने मी तिकडचे कायदे वाचते आहे, आणि त्यातून माझं एक मत तयार झालं आहे. ते इथे मांडते. पटलं नाही तर जरूर लिहा.

बाईच्या दृष्टीनं स्थलांतराचा कायदा तपासायचा तर आधी एकच गोष्ट पाहावी: त्यात कामगार म्हणून तिचं स्वतःचं नाव आहे का? मजुरी, घर, दवाखाना, भरपाई हे सगळं त्या नावाला चिकटून येतं. नाव नवऱ्याचं असेल तर हक्कही त्याच्यामार्फत येतात, म्हणजे बऱ्याचदा येतच नाहीत.

आपल्याकडे हे नाव कसं पुसलं जातं ते ऊसतोडीत स्पष्ट दिसतं. फडात मोजमाप असतं 'कोयत्या'चं. एक कोयता म्हणजे एक जोडपं. तोडायचं, साळायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची, ही कामं दोघांची. पहाटेचा स्वयंपाक आणि पोरांचं सगळं तिचं एकटीचं. दसरा-दिवाळीच्या आधी मुकादम उचल देतो ती कोयत्याला. अंगठा किंवा सही नवऱ्याची. दक्षिण गुजरातेत पडावावर धान्य मिळतं, त्याला खावटी म्हणतात. ती कोयत्याच्या खात्यावर चढते. हिशेब होतो तो हंगामाच्या शेवटी, कोयत्याचा. एकटी बाई, परित्यक्ता किंवा विधवा, हिला तोडीला जायचं असेल तर भाऊ, दीर, मोठा मुलगा, कुणीतरी पुरुष जोडीला शोधावा लागतो, कारण अर्ध्या कोयत्याला उचल नाही. मुकादम जोडी मागतो म्हणून मुलीचं लग्न वर्षभर आधी उरकल्याची उदाहरणं आपल्यापैकी बहुतेक कार्यकर्त्यांकडे असतील.

साक्री तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही मुकादमाच्या वहीची झेरॉक्स वाचत बसलो होतो. बावीस कोयते, बावीस नावं, सगळी पुरुषांची. एक बाई वाकून बघत म्हणाली, "ताई, यामा मनं नाव कोठे शे?" तिनं त्या हंगामात सातव्या महिन्यापर्यंत मोळ्या वाहिल्या होत्या.

आता दोन राज्यांची तुलना करू. महाराष्ट्रात तोडणीचा दर साखर संघ आणि संघटना यांच्या करारानं ठरतो. जानेवारी २०२४ च्या करारात तो टनाला सुमारे २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांवर गेला. गुजरातेत सरकार किमान वेतन म्हणून दर जाहीर करतं. २०२२-२३ च्या हंगामात तो २३८ रुपयांवरून एकदम दुप्पट, ४७६ रुपये झाला. कागदावर नवापूरच्या पलीकडे टनामागे शंभरावर रुपये जास्त. (नवापूरचं रेल्वे स्टेशनच दोन राज्यांत आहे, अर्धा फलाट इकडे आणि अर्धा तिकडे.) पण दर दोन्हीकडे टनाला, म्हणजे कोयत्याला. किमान वेतनाचा कायदा माणसागणिक असतो, फडात मात्र तो जोडप्याला वाटून दिला जातो, आणि त्यातले बाईचे किती हे कुठेच लिहिलेलं नसतं.

कायद्याची गंमत पुढे आहे. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा ओरिसातल्या 'दादन' मजुरांच्या हालांमुळे झाला. पाच किंवा जास्त परप्रांतीय कामगार असतील तिथे ठेकेदाराला परवाना, प्रत्येक कामगाराला फोटोसकट पासबुक, प्रवासभत्ता, महिन्याच्या मजुरीच्या निम्मा विस्थापन भत्ता, राहण्याची आणि औषधपाण्याची सोय, आणि ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती मूळ मालकानं द्यायची. वाचलं तर वाटतं, अजून काय हवं! प्रत्येक कामगाराला पासबुक म्हणजे बाईलाही. माझ्या कामाच्या इतक्या वर्षांत मी तोडीवरच्या एकाही बाईचं असं पासबुक पाहिलेलं नाही. कारखाने म्हणतात, मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी पण मजूरच.

शिवाय हा कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांचाच. साक्रीची भिल्ल बाई बारडोलीला गेली तर ती त्यात बसते. चाळीसगावची बंजारा बाई चारशेच्या वर किलोमीटर जाऊन सांगलीच्या फडात राहिली तर बसत नाही, कारण तिनं महाराष्ट्र सोडलेला नाही. उलट महाराष्ट्राच्या गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी इथल्या कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचे ठरलं आहे. साक्रीच्या बाईनं गुजरातेत तोडलेल्या उसाचा त्यात एक रुपयाही नाही. एक बाई एका कायद्याबाहेर, दुसरी दुसऱ्या निधीबाहेर.

हा १९७९ चा कायदा आता नव्या कामगार संहितेत विलीन झाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू आहे. त्यात पाचाच्या जागी दहा कामगारांची अट आली, विस्थापन भत्ता गेला. स्वतःहून कामाला आलेल्यांनाही स्थलांतरित म्हटलं आहे, ही एक बरी गोष्ट. पण बावीस कोयते म्हणजे बावीस कामगार की चव्वेचाळीस, या प्रश्नाला संहितेनं हात घातलेला नाही.

युरोपात काय आहे? तिथेही शेती हंगामी परक्या मजुरांवर चालते, हे आधी लक्षात घ्यावं. स्पेनच्या उएल्वा भागात स्ट्रॉबेरी तोडायला मोरोक्कोतून बायका आणल्या जातात. निवड करताना लहान मुलं मागे ठेवून येणाऱ्या बायकांना पसंती, कारण मुलांसाठी त्या परत जातील, पळून राहणार नाहीत. म्हणजे तिच्या आईपणालाच जामीन ठेवून घेतलं. आपल्याकडे पोरं फडात येतात आणि शाळा सुटते. तिकडे पोरं सुटतात. कुठलं बरं, असा हिशेब मी मांडणार नाही. पण एक फरक आहे. त्या बाईचा करार तिच्या स्वतःच्या नावानं असतो. २०१८ मध्ये काही मोरोक्कन बायकांनी लैंगिक छळाच्या तक्रारी केल्या, तेव्हा त्या तिथे कामाला होत्या हे त्यांना वेगळं सिद्ध करत बसावं लागलं नाही. न्याय झटपट मिळाला असं नाही, प्रकरणं रेंगाळली. आपल्या पडावावरच्या बाईनं तक्रार केली तर पहिला प्रश्न असतो, तू इथे कामाला होतीस याचा पुरावा काय?

इटलीत तर मुकादमच आहे. त्याला म्हणतात कापोराले. पहाटे गाडीत भरून न्यायचं, मजुरीतून आपला वाटा कापायचा, सगळं ओळखीचं. जुलै २०१५ मध्ये पाओला क्लेमेंते नावाची इटालियन बाई आंद्रियाच्या द्राक्षबागेत काम करता करता मेली. त्यावरून गदारोळ झाला आणि २०१६ चा १९९ क्रमांकाचा कायदा आला. त्यात कापोरालेला शिक्षा आहेच, पण अशा मुकादमामार्फत मजूर राबवणारा मालकही गुन्हेगार ठरतो. 'मजूर माझे नाहीत' म्हणून त्याला हात झटकता येत नाहीत. कायदा आला म्हणून शोषण थांबलं नाही. जून २०२४ मध्ये लातिना भागात सतनाम सिंग या आपल्या पंजाबी मजुराचा हात यंत्रात तुटला, मालकानं त्याला दवाखान्यात न नेता घराजवळ टाकून दिलं, आणि तो मेला. पण मालकावर गुन्हा दाखल होऊ शकला. आपल्याकडे फडात साप चावून, ट्रॅक्टरखाली येऊन दरवर्षी माणसं मरतात. त्यातल्या किती प्रकरणांत कारखान्याचं नाव फिर्यादीत आलं ते तुम्हीच आठवून पाहा.

बाहेरच्या हंगामी मजुरांसाठी युरोपीय संघानं २०१४ मध्ये एक निर्देश काढला. राहायच्या जागेचं भाडं परस्पर मजुरीतून कापायचं नाही, असं त्यात म्हटलं आहे. डेन्मार्क आणि आयर्लंड त्यातून बाहेर राहिले. ब्रिटनही तेव्हा बाहेरच होता. जर्मनीत ठरावीक दिवसांच्या हंगामी कामाला सामाजिक विमाच लागू नाही. तेव्हा युरोप म्हणजे नंदनवन, असं मला अजिबात म्हणायचं नाही. परंतु स्वतःच्या नागरिकांसाठी संघानं एक गोष्ट केली आहे ती आपल्या कामाची आहे: २००४ च्या नियमानुसार पोलंडमध्ये भरलेले विम्याचे महिने आणि जर्मनीत भरलेले महिने पेन्शनसाठी एकत्र धरतात. साक्रीच्या बाईचे गुजरातेतले सहा महिने आणि घरचे सहा महिने कुणीच एकत्र धरत नाही.

आपल्याला हे जमणार नाही असं नाही. रेशनमध्ये जमलं आहे. अन्नसुरक्षा कायद्यानं २०१३ पासून रेशनकार्डावर घरातली वडीलधारी बाई कुटुंबप्रमुख मानली. 'एक देश एक रेशनकार्ड'मुळे त्याच कार्डावरचं काही धान्य सासू गावी घेऊ शकते आणि काही सून गुजरातेत. म्हणजे एका सरकारी यंत्राला ही बाई कुटुंबाची प्रमुख म्हणून दिसते आणि दुसऱ्या सरकारी नोंदीत ती दिसतच नाही.

नाव नसल्याची किंमत शरीरानंही मोजावी लागते. बीडमध्ये २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती घेतली, त्यात १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांतला खाडा, त्याचा दंड, दुखणं अंगावर काढणं, हे सगळं त्यामागे आहे. कामगार म्हणून नाव नाही, म्हणून बाळंतपणाची रजा नाही, आजारपणाची सुट्टी नाही. खाडा मात्र आहे, कारण तो कोयत्याला लागतो.

ब्रिटनमधलं एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. लग्न करून तिथे गेलेल्या बाईचा राहण्याचा हक्क सुरुवातीच्या काळात नवऱ्यावर अवलंबून असे. मार खाऊन घर सोडलं तर देशही सोडावा लागायचा. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स आणि त्यांच्यासारख्या बायकांच्या संघटनांनी हा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला, तेव्हा १९९९ मध्ये सवलत मिळाली, २००२ मध्ये ती नियमात आली. नवऱ्यापासून तिचा हक्क सोडवून घ्यायला बायकांचीच संघटना लागली. कामगार संघटना त्यासाठी आली नव्हती.

आपल्या कामगार संघटनांबद्दलही हे म्हणायलाच हवं. दरवाढीच्या वाटाघाटीला बसणाऱ्यांच्या मागण्यांत टनाचा दर असतो, मुकादमाचं कमिशन असतं. कोयता फोडून दोन नावं करा, ही मागणी मी अजून त्यांच्या तोंडून ऐकली नाही. कारण विचारलं तर म्हणतात, घरात भांडणं लागतील. भांडणं आताही आहेत, ताई मार खाते एवढंच.

पुढच्या हंगामाआधी खानदेशातल्या गटांनी एवढं तरी करावं असं मला वाटतं. टोळ्या निघण्यापूर्वी, म्हणजे भाद्रपदातच, पाड्यापाड्यावर, तांड्यातांड्यावर जाणाऱ्या प्रत्येक बाईची यादी करू: तिचं नाव, मुकादम, कारखाना, गरोदर आहे का, मुलं किती. ती ग्रामसभेत नोंदवून घेऊ. एक प्रत धुळे-जळगावच्या कामगार कार्यालयात, नंदुरबारकर मैत्रिणींनी तिथल्या कार्यालयात, आणि एक सुरतेच्या. उचलीच्या कागदावर दोन सह्या, हिशेबाच्या दिवशी दोन रकमा, दोन बँक खाती, एवढीच मागणी घेऊन. साक्रीच्या एका मुकादमाला आम्ही हे सांगून पाहिलं. तो म्हणाला, दोन नावं लिहिली तर उद्या ती एकटीच कामाला येईन म्हणेल, मग मी काय करू? आम्ही म्हटलं, घ्या कामाला. त्यानं वही मिटली. ती वही आम्ही पुन्हा उघडायला लावणार आहोत. बरोबर यायला कोण तयार आहे ते कळवा.